सर्फसाइड : खर्चाचा अधिकार मंडळाकडे, बचतीला नकार मालकांकडे

९ एप्रिल २०२१ रोजी फ्लोरिडातल्या सर्फसाइड या किनाऱ्यावरच्या छोट्या गावी, शॅम्प्लेन टॉवर्स साउथ या इमारतीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्या सदनिका मालकांना एक लांब पत्र लिहिलं. पत्राचा सूर थकलेला होता. २०१८ च्या तपासणीत दिसलेलं नुकसान आता बरंच वाढलंय, काँक्रीटची झीज वेगाने होतेय, यातलं पुष्कळ काम आधीच करता आलं असतं किंवा निदान त्याची तजवीज करता आली असती, पण आज आपण इथवर येऊन पोहोचलो आहोत, असा त्याचा आशय. या सगळ्याचा हिशेब होता १.५ कोटी डॉलर.

इमारतीत १३६ सदनिका. सरासरी काढली तर दर घराला एक लाख दहा हजार डॉलर. प्रत्यक्षात वर्गणी घराच्या हिश्शाप्रमाणे ठरली : एका बेडरूमच्या सदनिकेला सुमारे ८०,००० डॉलर आणि पेंटहाउसला सुमारे ३,३६,०००. रक्कम एकदम भरायची की १५ वर्षांच्या मासिक हप्त्यांनी, हे ठरवायला १ जुलैची मुदत होती.

२४ जूनला, मध्यरात्र उलटून १ वाजून २२ मिनिटांनी इमारतीचा जवळजवळ अर्धा भाग कोसळला. ९८ माणसं गेली. मुदत संपायला एक आठवडा उरला होता.

इमारत कशी पडली, याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला हे प्रकरण दुसऱ्या एका प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. दुरुस्तीवर पैसे खर्च करण्याचा अधिकार कोणाचा होता? आणि तो ज्यांच्याकडे होता, त्यांना तो वेळेत का वापरता आला नाही? ‘मंडळाने दिरंगाई केली’ किंवा ‘मालकांनी पैसे सोडले नाहीत’ ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात.

अधिकार कागदावर कसा होता

मराठी वाचकाला सहकारी गृहनिर्माण संस्था ओळखीची असते. शॅम्प्लेनसारख्या कॉन्डोमिनियमची (थोडक्यात ‘कॉन्डो’ची) रचना तिच्याहून वेगळी. इथे सदनिका थेट मालकाच्या नावावर असते आणि जिने, छत, खांब, पोहण्याचा तलाव, वाहनतळ अशा सामाईक भागांत प्रत्येक मालकाचा अविभाज्य हिस्सा असतो. हे सामाईक भाग सांभाळणं असोसिएशनचं काम, आणि असोसिएशनचा कारभार मालकांनीच निवडलेलं संचालक मंडळ पाहतं. हे संचालक बहुतेक वेळा त्याच इमारतीत राहणारे, बिनपगारी शेजारी असतात.

फ्लोरिडाच्या कायद्यात कॉन्डोमिनियमसाठी ७१८ वं प्रकरण आहे. सामाईक भागांची देखभाल ही त्यात असोसिएशनची जबाबदारी आहे. देखभालीसाठी मंडळाला एरवी मालकांचं मतदान घ्यावं लागत नाही. मतदान लागतं ते सामाईक भागांत मोठा बदल किंवा भर घालायची असेल तेव्हा. इमारतीच्या घोषणापत्रात, म्हणजे तिच्या मूळ नियमांच्या दस्तऐवजात, वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर त्यासाठी एकूण मतांपैकी ७५ टक्के मतांची मंजुरी हवी. मग दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो? या वादात १९८२ चं टिफनी प्लाझा प्रकरण आजही आधाराला घेतलं जातं. समुद्राच्या माऱ्यापासून मालमत्ता वाचवण्यासाठी दगडी बांध घालायचा होता. सामाईक मालमत्तेच्या रक्षणासाठी गरजेचं असलेलं काम मंडळ मालकांच्या मंजुरीविना करू शकतं, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिलं. २०१० च्या हॉलिवूड टॉवर्स प्रकरणात बाल्कन्यांच्या दुरुस्तीवरून वाद झाला, तेव्हा न्यायालयाने दोन प्रश्न पुरेसे मानले : मंडळाला अधिकार होता का, आणि ते वाजवीपणे वागलं का.

विशेष वर्गणी (नेहमीच्या मासिक वर्गणीपलीकडची) बसवण्याच्या बैठकीची लेखी सूचना १४ दिवस आधी द्यावी लागते. मालकाला त्या बैठकीला येण्याचा आणि विषयपत्रिकेवरच्या मुद्द्यावर बोलण्याचा हक्क आहे. बोलण्याचा हक्क आहे, पण मताचा असेलच असं नाही; ते इमारतीच्या घोषणापत्रावर ठरतं. असोसिएशनची कागदपत्रं पाहण्याचाही हक्क आहे. मंडळ नकोसं झालं, तर एकूण मतांच्या बहुमताने संचालकांना कारण न देता हटवता येतं. हे हत्यार मोठं आहे, पण त्याने खांब दुरुस्त होत नाही.

म्हणजे २०१८ साली शॅम्प्लेनच्या मंडळाला वाहनतळावरची गळकी स्लॅब दुरुस्त करायला कोणाच्या परवानगीची गरज होती, असं मला कायद्यात दिसत नाही. गरज होती पैशांची.

आणि पैशांच्या बाबतीत कायदा अगदी उलट्या बाजूला झुकलेला होता. छप्पर, रंगकाम, रस्ते आणि १०,००० डॉलरहून मोठ्या दुरुस्त्या यांसाठी अंदाजपत्रकात राखीव निधी धरायचा, असा नियम होता. पण दर वर्षी सभेत बहुमताने तो निधी कमी करण्याची किंवा पूर्ण वगळण्याची मुभा मालकांना होती. २००८ मध्ये फ्लोरिडाने अभियंता किंवा वास्तुरचनाकाराकडून दर पाच वर्षांनी इमारतीची पाहणी करण्याची अट घातली होती. २०१० मध्ये ती रद्द झाली.

हा सगळा गुंता इथेच आहे असं मला वाटतं. खर्च करायला मंडळाला मालकांची संमती लागत नव्हती, पण ज्या डब्यातून खर्च करायचा तो रिकामा ठेवायची मुभा मालकांना होती. मालकांचा सहभाग कायद्याने नेमका अशा जागी ठेवला, जिथे ‘यंदा नको’ म्हणणं प्रत्येकाच्या सोयीचं असतं. पुढच्या दहा वर्षांत घर विकायचा विचार असलेल्या माणसाने पंधराव्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी आज पैसे का बाजूला टाकावेत?

पुढे राखीव निधी किती असावा याच्या अभ्यासातून शॅम्प्लेनचा जो आकडा निघाला तो असा : साधारण १ कोटी ३ लाख डॉलर असायला हवे होते, हातात सुमारे ७ लाख होते. शंभरात सात.

२०१८ : अहवाल आणि बैठक

मायामी-डेड परगण्यात इमारत ४० वर्षांची झाली की ती सुरक्षित असल्याचं पुन्हा प्रमाणीकरण करावं लागे. १९७४ मध्ये मायामीत एक सरकारी कार्यालयाची इमारत कोसळून सात जण मेले, त्यानंतर हा नियम आला. शॅम्प्लेन १९८१ ची, म्हणजे तिची पाळी २०२१ मध्ये होती. मंडळाने तीन वर्षं आधीच अभियंता नेमला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण नंतर मंडळाला सरसकट बेफिकीर ठरवलं गेलं आणि तो आरोप या सुरुवातीशी जुळत नाही.

८ ऑक्टोबर २०१८ च्या अहवालात तलावाभोवतीच्या डेकबद्दल, म्हणजे वाहनतळावरच्या उघड्या स्लॅबबद्दल, आणि प्रवेशमार्गाबद्दल गंभीर मजकूर आहे. तिथल्या जलरोधक थराचं आयुष्य संपलं होतं. डेकची स्लॅब सपाट होती, उतार नव्हता, त्यामुळे पाणी वाहून जाण्याऐवजी साचून राहायचं. ही मूळ आराखड्यातली मोठी चूक असल्याचं अहवालात म्हटलं होतं. खालच्या काँक्रीट स्लॅबचं मोठं संरचनात्मक नुकसान होत आहे आणि जलरोधन लवकर बदललं नाही तर झीज झपाट्याने पसरेल, असंही त्यात होतं. खर्चाचा अंदाज सुमारे ९१ लाख डॉलर.

इमारत पडेल असं अहवालात कुठेही नव्हतं. तो इशारा बाल्कन्या, खिडक्या, तडे यांच्या लांब यादीत इतर मुद्द्यांच्या शेजारी बसलेला होता. अशी कागदपत्रं ज्यांनी कधी हाताळली असतील त्यांना ठाऊक आहे की अभियंत्याची भाषा सगळ्या दोषांना एकाच आवाजात सांगते. त्यातला कुठला दोष थांबू शकतो आणि कुठला नाही, हे सांगणारा माणूस वेगळा लागतो.

१३ नोव्हेंबरला मंडळाच्या एका सदस्याने हा अहवाल गावाच्या इमारत अधिकाऱ्याला ईमेलने पाठवला. १५ नोव्हेंबरला तो अधिकारी रहिवाशांच्या बैठकीला आला. इमारत अगदी चांगल्या स्थितीत दिसते असं त्याने सांगितल्याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात आहे.

त्या बैठकीत बसलेल्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. एका बाजूला तांत्रिक शब्दांनी भरलेला कागद आणि त्याच्यामागे ९१ लाखांचा आकडा. दुसऱ्या बाजूला सरकारी अधिकारी, समोर उभा राहून तोंडी दिलासा देणारा. मी तिथे असतो तर मीही दिलाशावरच विश्वास ठेवला असता. त्या मालकांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. मला वाटतं, अशा बैठकीत मंडळाचं पहिलं काम म्हणजे स्लॅबबद्दलचं ते वाक्य मोठ्याने वाचणं, आणि ज्याने ते लिहिलं त्या अभियंत्याला समोर बसवून विचारणं : हे काम पाच वर्षं थांबलं तर काय होईल? मालकांचा सहभाग हवा तो या ठिकाणी. राखीव निधी वगळण्याचं मतदान त्यानंतर आलं असतं, तर हात वर करताना माणसं निदान थबकली असती.

दोन वर्षं गेली

२०१९ च्या शरद ऋतूत काही आठवड्यांच्या आत सातपैकी पाच संचालकांनी राजीनामे दिले. राजीनाम्याच्या एका पत्रात अहंकाराचे झगडे, एकमेकांना खाली ओढणं, अफवा यांचा उल्लेख आहे. मंडळ खूप मेहनत करतं, पण या कारणांमुळे ठरवलेलं काम तडीस जात नाही, अशी त्यात कबुली होती.

हे वाचताना वाईट वाटतं, कारण त्यात कोणी खलनायक सापडत नाही. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी बैठकांना येणारी माणसं होती. एकीकडे कायद्याने त्यांना विश्वस्तासारखी जबाबदारी दिलेली, दुसरीकडे लिफ्टमध्ये भेटणारा शेजारी विचारतोय की माझ्याकडून इतके पैसे कशाला हवेत. कागदावरचा अधिकार अशा वेळी फार उपयोगी पडत नाही. निवडून आलेल्या माणसाला पुढच्या निवडणुकीत हरायची भीती नसली, तरी शेजारधर्म तुटायची भीती असतेच.

२०२० मध्ये नवं मंडळ कामाला लागलं. त्या वर्षीच्या शरदात तलावाजवळ प्राथमिक दुरुस्ती आणि चाचण्या सुरू झाल्या, पण काही ठिकाणचं खराब काँक्रीट पूर्ण काढता आलं नाही. तिथे खोलवर खोदलं तर शेजारच्या बांधकामाच्या स्थैर्याला धोका पोहोचेल, अशी नोंद अभियंत्याने केली.

दीड कोटींची यादी

आता एप्रिल २०२१ कडे परत. तोवर ९१ लाखांचे दीड कोटी झाले होते. झीज वाढली होती, भाव वाढले होते आणि यादीही लांबली होती. दर्शनी भाग, बाल्कन्या, कठडे, छप्पर, तलाव आणि वाहनतळ यांच्या जोडीला त्यात मजल्यांवरच्या मार्गिका आणि सामाईक जागांचं नूतनीकरणही होतं.

मंडळाच्या बाजूने पाहिलं तर हे समजण्यासारखं आहे. एकदाच भिंती उघडायच्या, एकदाच कंत्राटदार आणायचा, एकदाच लोकांचा रोष घ्यायचा. पण ही मंडळाची सगळ्यात महागात पडणारी सवय आहे असं माझं ठाम मत आहे. स्लॅबची दुरुस्ती आणि मार्गिकांचा रंग एका आकड्यात बांधले, की आकड्याला विरोध करणाऱ्याला रंगाकडे बोट दाखवता येतं, आणि त्याचं म्हणणं अगदी वाजवी असतं. वाजवी विरोध आणि जीवघेणी दिरंगाई यांना मग वेगळं करता येत नाही. कायदा स्वतःच दुरुस्ती आणि बदल यांत रेघ ओढतो. मंडळाने आपल्या यादीतही ती ओढावी. एक यादी अशी, की जी मतासाठी ठेवलेलीच नाही. हे काम होणार, ते कधी आणि कोणत्या हप्त्यांनी एवढंच बोलू. दुसरी यादी मालकांची : हवी तर करा, नको तर पुढे ढकला. पहिल्या यादीत मंडळाने अधिकार लपवू नये आणि दुसऱ्या यादीत तो वापरू नये.

वर्गणीला काही मालकांचा विरोध झाला. त्यामागे एक खरा प्रश्न होता, तो चिक्कूपणाच्या आरोपाखाली दडपला जाऊ नये. २०१९ मध्ये घर घेतलेल्या माणसाने १९८१ पासून न साठवलेल्या पैशांची भरपाई का करावी? निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईने पुढच्या ४० वर्षांची इमारत आपल्या पैशाने का उभी करावी? मी एक साधा गुणाकार-भागाकार केला. ९१ लाख डॉलर १३६ घरांवर आणि १९८१ ते २०१८ या ३७ वर्षांच्या महिन्यांवर वाटले, तर दर घरामागे महिन्याला सुमारे १५० डॉलर येतात. महागाई आणि व्याज यात धरलेलं नाही, घरांचे हिस्सेही सारखे मानले आहेत. तरी प्रमाण कळतं. जे काम दीडशे डॉलरच्या मासिक सवयीने झालं असतं, ते ज्या मालकांच्या काळात फुगून आलं त्यांच्यापुढे लाखाचं बिल म्हणून उभं राहिलं. आधीचे मालक तोवर घरं विकून गेले होते आणि कमी मासिक खर्चाचा फायदा त्यांना मिळून गेला होता.

मंडळाच्या अधिकाराने हा अन्याय मिटत नाही. तो मिटतो फक्त दर वर्षीच्या सक्तीच्या बचतीने, कारण तेव्हा प्रत्येक पिढी आपण वापरलेल्या छताचा आणि खांबांचा वाटा भरते.

कोसळल्यावर हिशेब

न्यायालयाने असोसिएशनवर प्रशासक नेमला. जमीन १२ कोटी डॉलरना विकली गेली. जून २०२२ मध्ये १०२ कोटी डॉलरहून मोठी तडजोड मंजूर झाली. पैसे देणाऱ्या पक्षांत विमा कंपन्या, सल्लागार आणि शेजारच्या बांधकामाशी संबंधित मंडळी होती. कोणी चूक कबूल केली नाही.

त्याआधी एक वाद झाला, त्याकडे फार थोड्या लोकांचं लक्ष गेलं. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे सामाईक भागांमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी सदनिका मालकांवर येऊ शकते, आपापल्या हिश्शाच्या प्रमाणात आणि घराच्या किमतीच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे घर गमावलेल्या मालकांकडून मृतांच्या नातेवाइकांनी भरपाई मागावी, अशी वेळ आली होती. काही घरांत तर ही दोन्ही नाती एकाच माणसात होती. मालकांना जबाबदारीतून मोकळं करून मालमत्तेच्या नुकसानीपोटी आधी ८.३ कोटी आणि नंतर वाढवून ९.६ कोटी डॉलर ठरवले गेले, तेव्हा तो प्रश्न मिटला. ‘ते काम मंडळाचं, आमचं नाही’ असं सभेत म्हणणं सोपं आहे, पण दायित्व वाटताना कायदा हिश्शाचा तोच तक्ता उघडतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने तपास हाती घेतला. तलावाचा डेक मनोऱ्याच्या काही मिनिटं आधी कोसळला, आणि डेकची रचना मुळातच अनेक ठिकाणी त्या काळच्या नियमांपेक्षा बरीच कमकुवत होती, असे तिचे निष्कर्ष पुढे आले. म्हणून २०१८ मध्ये पैसे असते तर इमारत वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही. मात्र दुरुस्तीसाठी डेक उघडला गेला असता आणि कोणीतरी त्या खांबांचं गणित नव्याने मांडलं असतं, ही शक्यता मनातून जात नाही.

नवा कायदा

मे २०२२ मध्ये फ्लोरिडाने नवा कायदा केला. तीन किंवा जास्त मजल्यांच्या कॉन्डो इमारतींची ३० व्या वर्षी आणि मग दर दहा वर्षांनी संरचनात्मक तपासणी. दर दहा वर्षांनी राखीव निधीचा अभ्यास. आणि छप्पर, भार पेलणारे भाग, अग्निसुरक्षा, जलरोधन यांसारख्या बाबींचा निधी वगळण्याची मालकांची मुभा २०२४ च्या अखेरीपासून बंद. मासिक वर्गण्या चढल्या, जुन्या इमारतींतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांची ओढाताण झाली, आणि २०२५ मध्ये विधिमंडळाला थोडी ढील द्यावी लागली : बहुमताने कर्ज काढून निधी उभारता येतो, आणि तपासणीनंतर निधीची भर दोन वर्षांपर्यंत थांबवता येते.

नकाराचा तो हक्क गेला, हे बरंच झालं असं मी म्हणेन. पण या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी तरतूद पैशांची नाही. तपासणी अहवालाचा निरीक्षकाने तयार केलेला सारांश असोसिएशनने प्रत्येक मालकाला द्यायचा आणि इमारतीत ठळक जागी लावायचा, असं आता बंधन आहे. त्यात नुकसान काय आहे आणि कोणती दुरुस्ती करायला हवी हे सांगावं लागतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शॅम्प्लेनच्या दिवाणखान्यात असा एक कागद भिंतीवर असता, तर बैठकीला आलेल्या अधिकाऱ्याला निदान त्याच्यासमोर उभं राहून बोलावं लागलं असतं.